पाटी होती तिथून

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. गल्लीच्या तोंडाशी नाव लिहून ठोकतात ना, तसली. सध्या मी मानाग्वा शहरात, चेपिता दुकानदारणीच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून पडून आहे. कोंबड्यांना वाचता येत नाही, त्यामुळे माझी तशी कुणाला अडचण नाही.

माझा जन्म रॉकेलच्या पिंपातून झाला. देशात नुकतीच क्रांती झाली होती आणि पत्र्याची टंचाई होती. म्हणून पिंप कापले, ठोकून सपाट केले, निळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिले, 'लिसांद्रो काल्देरा गल्ली'. लिसांद्रो याच गल्लीतला पोरगा. हुकूमशहाच्या पलटणीशी लढायला गेला, तो परत आलाच नाही. त्याचे प्रेतही सापडले नाही, त्यामुळे त्याच्या आईला, ओतिलियाला, फुले वाहायला थडगे नव्हते. मला भिंतीवर ठोकले त्या दिवशी बँड वाजला, भाषणे झाली. सगळे पांगल्यावर ओतिलियाने झग्याच्या टोकाने मला पुसले आणि म्हणाली, "आता रोज कुणीतरी तुझं नाव घेईल रे." ती माझ्याशी बोलली की त्याच्याशी, ते मला अजून कळलेले नाही.

इथेच बिचारी फसली. आमच्या शहरात पत्ता सांगताना रस्त्याचे नाव कुणी घेतच नाही. पत्ता सांगायचा तो खुणेवरून, आणि ती खूण बहुधा केव्हाच नाहीशी झालेली असते. आमच्या गल्लीचा पत्ता होता, 'चिंचेचं झाड होतं तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, अर्धी खाली.' चिंच भूकंपात पडली होती. तळे उत्तरेला आणि खाली म्हणजे सूर्य मावळतो तिकडे, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

ओतिलिया शनिवारी नाकातामाल विकायची. मक्याच्या पिठात डुकराचे मांस आणि पुदिना घालून केळीच्या पानात बांधलेले, रात्रभर उकडलेले. गिऱ्हाइकांना ती हट्टाने लिसांद्रोच्या नावाचाच पत्ता सांगे, आणि निम्मी गिऱ्हाइके भलतीकडे भटकून उपाशी घरी जात. चेपिताचे दुकान समोरच होते आणि जीभ कधी स्वस्थ नसे. "अगं, पोराच्या नावानं पोट भरत नाही. चिंच सांग, दुपारच्या आत पातेलं रिकामं होईल." पण ओतिलियाने ऐकले नाही. टॅक्सीवाले ते नाव ऐकून डोके खाजवत आणि चिंचेपासून सांगा म्हणत. मग ती टॅक्सीतून उतरून उन्हातून पायी घरी येई, पण चिंचेचे नाव घेत नसे. लिसांद्रोच्या वाढदिवसाला ती मला साबण लावून घासायची. मित्रांनो, माझे सुखाचे दिवस तेच.

मग निवडणूक झाली आणि क्रांतीवाल्यांचे सरकार पडले. नव्यांच्या डोळ्यांत जुन्यांची नावे खुपत होती. एके सकाळी शिडी घेऊन दोन माणसे आली. ओतिलिया माझ्याखाली येऊन उभी राहिली.

"हे पक्षाचं नाव नाही, माझ्या पोराचं आहे," ती म्हणाली. "त्याला दुसरीकडे कुठे पुरलेलंही नाही."

"मावशी, आम्हाला रंग दिलाय आणि नावं दिलीत. त्यापलीकडे आमच्या हातात काही नाही," शिडीवरचा म्हणाला. माणूस वाईट नव्हता. अंगावर रंग उडेल म्हणून त्याने तिला बाजूला व्हायला सांगितले. माझ्यावर 'सलोखा मार्ग' असे लिहून ते पुढच्या गल्लीत गेले. त्या गल्लीत सलोखा कुणाचा कुणाशी झाला, ते मला काही दिसले नाही.

ओतिलिया वाट पाहत म्हातारी झाली. अखेर जुना पक्ष पुन्हा सत्तेवर आला. ठेवणीतला झगा घालून ती कचेरीत गेली. तिथल्या मुलीने तिला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि सांगितले, की गल्लीला परवाच वारलेल्या एका मोठ्या कार्यकर्त्याचे नाव ठरले आहे. "तुमचा लिसांद्रोही आमचाच, आजी. पण गल्ल्या थोड्या आणि नावं फार." परत आल्यावर ओतिलियाने हे चेपिताला सांगितले तेव्हा चेपिताने दुकानातले स्टूल तिच्यापुढे सरकवले.

माझ्यावर तिसरा रंग चढला. त्यानंतर ओतिलिया रोज स्टूल घेऊन यायची आणि नखाने माझा कोपरा खरवडायची. रंगाचे पापुद्रे निघत निघत एक दिवस लिसांद्रोचे पहिले अक्षर दिसू लागले. दुसऱ्याला तिने हात घातला, पण तेवढ्यात ती आजारी पडली आणि गेली. लिसांद्रोचे नाव मोठ्याने घेणारे गल्लीत मग कुणी उरले नाही. पुढे भिंतच पाडली, आणि चेपिताने मला उचलून खुराड्यावर टाकले.

या शहराची रीत मी तुम्हाला सांगितलीच. जे नाहीसे होते, ते पत्त्यात जाऊन बसते. परवा गॅसची टाकी घेऊन एक नवा माणूस वाट चुकून दुकानाशी आला. त्याला दिलेला पत्ता होता, 'पाटी होती तिथून एक गल्ली वर.' मला वाटले, आता तरी.

"कसली पाटी होती हो, आजी?" त्याने विचारले.

चेपिता झुलत्या खुर्चीत बसली होती. लिसांद्रोला तिने कडेवर खेळवले होते. तिने बोलायला तोंड उघडले, मग परसाकडे नजर टाकली.

"होती एक. निळी," ती म्हणाली. "जा बाबा, ऊन चढतंय."

मित्रांनो, तुमच्या गल्लीच्या तोंडाशीही एखादी पाटी असेल. जाता-येता तिच्यावरचे नाव एकदा मोठ्याने वाचा आणि तो माणूस कुणाचा कोण होता, ते विचारा. तुम्ही विचाराल असे मला वाटत नाही, पण सांगणे माझे काम होते. मला आता गंज चढू लागला आहे. पत्र्याचा रंग जिथे निघालेला असतो, तिथे गंज आधी धरतो. माझ्यावर तो ओतिलियाने खरवडलेल्या कोपऱ्यापासून सुरू झाला आहे.