एका जागेला दोन अर्ज

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. कवळ्या बनवायचा घरचा कारखाना वडिलांनी सुरू केला होता. कारखाना कसला, घराच्या पुढच्या दोन खोल्या, एक पॉलिशचं यंत्र आणि जिकडेतिकडे प्लास्टरची धूळ. वडील गेले आणि पाटीवर धाकट्या भावाचं नाव लागलं. नवऱ्याशी पटेना म्हणून दातवाली मुलीला घेऊन माहेरी आलेली. पाटीवर तिचं नाव घालायचं कुणाला सुचलं नाही. हात मात्र तिचाच चालायचा. डॉक्टरांकडून तोंडाचा साचा आला की ती मेणात एकेक दात बसवायची, आणि भाऊ कडक इस्त्रीच्या शर्टात तयार कवळीची डबी पोचवायला जायचा. ‘तुमच्या हातात जादू आहे,’ असं डॉक्टर म्हणाले की तो घरी येऊन तिलाच कौतुकानं सांगायचा. वाईट नव्हता तो. सतरा वर्षांत त्याला सवय झाली होती, एवढंच.

अशात मोठ्या इस्पितळात कवळ्यांच्या कार्यशाळेला प्रमुख हवा असल्याची जाहिरात आली. भावानं अर्ज भरला आणि त्याच दिवशी नवे बूट आणले.

“मी तिकडे गेलो तरी इथलं तू बघशीलच ना, ताई?” तो म्हणाला. “आणि तिकडचं काही अवघड निघालं, तर संध्याकाळी घरी घेऊन येत जाईन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन तिनं स्वतःचा अर्ज देऊन टाकला.

उमेदवारांची यादी लागली तेव्हा बहीण-भावाची नावं एकाखाली एक होती. घरात आगडोंब उसळला. आईनं मावशीला बोलावून घेतलं.

“सख्ख्या भावाच्या तोंडचा घास काढतेस?” आई कडाडली. “ज्यानं तुला आसरा दिला, त्याच्या?”

“घास कुणाचा ते अजून ठरायचंय, आई.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. निम्म्या गल्लीचे दात मी बसवलेत. बोलतील तर निदान स्पष्ट बोलतील.”

मावशीला हसू आलं, पण तिनं ते पदराआड गिळलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, “अगं, मुलीच्या शिक्षणासाठी करतेय, असं तरी सांग. चार लोकांना पटेल.”

“मुलीला पुढे कशाला करू? ती जागा मला हवीय, मावशी. मला.”

“एवढा स्वार्थ बरा नव्हे, बाई.”

“स्वार्थच आहे. तो करतो तेव्हा तुम्ही त्याला कर्तबगारी म्हणता.”

यावर आईनं एक भलतंच केलं. तोंडातली कवळी काढून तिनं टेबलावर आपटली. “नकोत मला तुझे दात!” दात गेल्यामुळे गाल आत बसले होते आणि रागाचे शब्द नुसतेच फसफसत बाहेर पडत होते. दातवालीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. तिनं कवळी उचलली, धुतली आणि वाटीभर पाण्यात ठेवली. “सुकली तर वाकडी होते,” एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी आईनं गुपचूप दात घातले, पण अबोला काही सोडला नाही.

परीक्षेला सात जण होते. प्रत्येकापुढे प्लास्टरचा साचा, मेण आणि दातांची पेटी. वेळ दोन तास. भावाची खुर्ची नेमकी तिच्या शेजारी आली. अर्ध्या तासातच त्याचं मेण जास्त तापून ओघळायला लागलं.

“ताई,” तो ओठ न हलवता पुटपुटला, “दाढ आत घेऊ की बाहेर?”

तिचा हात सवयीनं त्याच्या साच्याकडे निघालाही होता. त्याच्या कपाळावरचा घाम तिला दिसत होता. लहानपणी गणित अडलं की असाच घामेजायचा तो. तिनं हात मागे घेतला, खुर्ची वीतभर सरकवली आणि आपल्या साच्यावर मान घातली. मेणाची सुरी तापवून तिनं पुढचा दात बसवला.

मग मुलाखत. विभागाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी तिचा साचा उजेडात धरून फिरवून पाहिला आणि विचारलं, “इथं का यायचंय?”

“मला मोठं व्हायचंय. माझ्या कामावर माझी सही हवी.”

“बाकी सगळे रुग्णसेवा म्हणाले.”

“कवळी नीट बसली की सेवा झालीच, बाई. नीट बसवायला मला येतं.”

जागा तिला मिळाली.

त्या संध्याकाळी भाऊ कारखान्यात बूट न काढताच बसून होता. “चारचौघांत तोंड काळं केलंस माझं,” तो म्हणाला.

“मी माझं उजळलं. तुझ्याशी माझं भांडण नाही.”

“आणि इथलं काम कोण करणार? मला त्यातलं काही येत नाही, तुला माहीत आहे.”

पहिल्यांदाच त्यानं ते मोठ्यानं कबूल केलं होतं. तिला त्याची दया आली. पण दया आली म्हणून माघार घ्यायची, हे ती सतरा वर्षं करून बसली होती.

“शीक. बाबांनी मला दाखवलं ते सगळं मी तुला दाखवीन. रविवारी, दहा वाजता. पण हात तुझा चालला पाहिजे.”

पहिल्या रविवारी तो आला नाही. दुसऱ्याही नाही. ती दोन्ही वेळा साचा मांडून अकरापर्यंत थांबली. तिसऱ्या रविवारी तिनं मुलीला घेऊन दिवसभर बाहेर जायचं ठरवलं, आणि बारा वाजता ती चपला घालत असताना भाऊ दारात उभा राहिला. बाह्या दुमडलेल्या.

“आलो,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“अगं, आलाय ना तो!” आतून आई ओरडली. कित्येक दिवसांत ती लेकीशी बोललेलं हे पहिलं वाक्य. “थांब की आता!”

दातवाली क्षणभर थबकली. मग तिनं मुलीचा हात धरला.

“पुढच्या रविवारी ये,” ती भावाला म्हणाली, “दहाला,” आणि पायऱ्या उतरून चालू लागली.