नाकवाल्यांचा चहा

माझ्या नवऱ्याचं नाक तापात गेलं. म्हणजे आहे जागेवरच, पण वास येणं बंद झालं. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर घरात चेष्टेचा विषय झाला असता. पण हे पडले चहाच्या कंपनीतले मुख्य चाखणारे. चमच्यातून चहा फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि सांगायचं, हा माल घ्या, तो परत पाठवा. तेही मालकांच्या तोंडावर. एकदा तर मालकांच्या सख्ख्या मेव्हण्याचा माल "याला ओल लागलीय" म्हणून दारातून परत पाठवला होता. या नाकापायी लग्न झाल्यापासून मी अत्तराला शिवले नाही, आणि लसूण सोलला तो फक्त सुट्टीच्या दिवशी.

ताप उतरला, वास काही परतला नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल, किंवा येणारही नाही." एवढं तर मीही सांगितलं असतं, आणि फुकट. हे हाताखालच्यांची मतं काढून घेऊन कशीबशी वेळ मारून नेत होते. अशात मालकांनी आम्हाला जोडीनं घरी बोलावलं. चीनमधला कुठलासा ऊलाँग जातीचा चहा त्यांच्या हाती लागला होता, कड्यावरच्या एकाच म्हाताऱ्या झाडाचा. "बाकीचे काय, बोलतातच. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय," ते यांना म्हणाले. तिथं पितळ उघडं पडलं असतं तर खुर्ची गेलीच होती. आणि या वयात यांना दुसरं येतं काय? भिंतीत साधा खिळा ठोकता येत नाही. मी तर देव पाण्यात घालून बसले होते.

म्हणून आम्ही एक खूण ठरवली. चहा आधी मी हुंगायचा. चांगला असेल तर गप्प बसायचं, बिघडलेला असेल तर कानातल्या डुलाला हात लावायचा.

दुपारी मालकांच्या दिवाणखान्यात बसलो. कंपनीतले आणखी दोन चाखणारे आले होते. एकाला मी मनातल्या मनात पोपट म्हणते, कारण त्याला जगातल्या सगळ्या फुलांची नावं पाठ आहेत. दुसरा सुस्कारे. तो डोळे मिटून सुस्कारा सोडतो आणि लोक त्याला जाणकार समजतात. चहाचं भांडं भातुकलीतलं वाटावं एवढंसं. पहिलं पाणी मालकांनी ओतूनच टाकलं. "पानं जागी व्हावी लागतात," म्हणाले. म्हाताऱ्या झाडाची पानं, उठायला वेळ लागणारच.

मग भांड्याचं झाकण हुंगायला फिरलं. माझ्यापाशी आलं आणि मी दचकलेच. डांबरगोळ्या! लोकरीच्या कपड्यांची पेटी उघडल्यावर येतो ना, अगदी तोच भपकारा. तेवढ्यात मालकीणबाई कौतुकानं सांगायला लागल्या, "घरात कुणाचा भरवसा धरायचा हो? आणल्यापासून माझ्या शालींच्या कपाटात ठेवलाय, कुलपात." चहाला कसर लागली नाही, एवढं मात्र खरं.

मी डुलाला हात लावला. यांनी पाहिलं.

"रानातलं ऑर्किड," पोपट म्हणाला. "आणि मागून ओला दगड."

सुस्कारेनं सुस्कारा सोडला. "जुनं लाकूड. एखादं जुनं कपाट उघडावं ना, तसं."

दोघांची नाकं शाबूत होती. पोपटाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि सुस्कारे श्वास रोखून घोट घेत होता. एरवी नाकानं कांदे सोलणारी ही माणसं मालकांपुढे शेपूट हलवत होती. मला त्यांची किळस आली.

मालक यांच्याकडे वळले. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कान तुटेस्तोवर डूल ओढला. यांनी त्या दोघांकडे पाहिलं, कप रिकामा केला आणि म्हणाले, "आयुष्यात असा चहा प्यायलो नाही." हे तर खरंच होतं. "फूल आहे, दगड आहे. आणि शेवटी नुसती शांतता."

मालक उठून यांच्याजवळ आले. "तुम्ही आहात तोवर त्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार नाही," म्हणाले आणि उरलेली पुडी यांच्या हातात ठेवली.

रस्त्यात हे माझ्यावरच उखडले. "कान कसला ओढत होतीस? तिकडे सगळे छान म्हणत होते."

"डांबरगोळ्यांचा वास होता."

हे थबकले. "त्यांनाही आला?"

"नाक आहे त्या प्रत्येकाला आला."

मला वाटलं, आता शरमेनं मान खाली घालतील. हे हसायला लागले. हसता हसता शेजारच्या कुंपणाचा आधार घ्यावा लागला. "अगं, म्हणजे या कामाला नाक लागतच नाही! आणि मी वेडा झोप उडवून बसलोय."

पुडी मी स्वेटरांच्या पेटीत टाकली, तिथं ती उपयोगी पडते. हे आता शीळ घालत कामाला जातात. मालकांच्या मेव्हण्याचा ओला माल परवाच पास झाला. त्यातही फूल होतं म्हणे, आणि दगड.

ताप आल्यापासून घरचा चहासुद्धा हे मला विचारून प्यायचे. "कसा झालाय गं?" मी सांगायची, आज आलं जास्त पडलंय, आज पत्ती जुनी आहे, आणि हे लहान मुलासारखे ऐकून घ्यायचे. काल मी मुद्दाम दूध करपवलं. सगळ्या स्वयंपाकघरात जळका वास कोंडला होता. मी कप समोर ठेवला आणि वाट पाहत उभी राहिले.

यांनी घोट घेतला, डोळे मिटले. "वा," म्हणाले. मला काही विचारलं नाही.