बाबांचा श्वास

बाबांची बोटं आता आखडली आहेत. त्यांचं गिटार, आत्याचा चेलो आणि तीन व्हायोलिनं असलेलं जुनं ध्वनिमुद्रण मी संगणकावर साफ करत होते. प्रत्येक ओळीआधी बाबा नाकाने जोरात श्वास घेत.

"सर्दी झाल्यासारखं वाटतंय, काढ ते," बाबा म्हणाले. मी काढलं.

आत्याने ऐकून हेडफोन उतरवला. "अगं, त्या श्वासावरच तर आम्ही सगळे वाजवायला गज उचलायचो! आता वाटतंय, आम्ही आगंतुकासारखे घुसलोय."

"छोटे, लोक हसतील," बाबा तिला म्हणाले.

"हसू देत. तुझ्या गिटारपेक्षा तुझ्या नाकावर आमचा जास्त भरवसा होता, दादा."

मी श्वास परत घातले आणि सुरुवातीपासून लावलं. पहिला श्वास आला, तसा आत्याचा रिकामा हात आपोआप वर गेला. बाबा त्या हाताकडे बघत म्हणाले, "राहू दे."