हळदीच्या अंगाने कचेरीत

माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी माझे वडील चुडामण कचेरीत आरोपी म्हणून उभे होते, आणि खरी गुन्हेगार अंगाला हळद लावून पाटावर बसली होती. ती मी, निर्मला.

तापीकाठी आमचा केळीचा मळा. मळ्यातून बुऱ्हाणपूरच्या सडकेला लागायचं तर शेजारच्या मोतीलालकाकांच्या बागेला चांगला पाऊण कोसाचा वळसा पडायचा. पन्नास साली मी मॅट्रिकला बसले. पहिल्याच पेपरच्या दिवशी बाबा हिवतापाने फणफणलेले, आणि मला जाग आली उशिरा. मग काय, मी स्वतः बैल जुंपले, काकांचं काटेरी कुंपण कोयत्याने तोडलं आणि गाडी सरळ बागेत घातली. अकरा केळी आडव्या झाल्या, पण पेपर गाठला. पासही झाले.

काकांनी चाकोरी पाहिली, गाडी ओळखली आणि बाबांवर फिर्याद ठोकली. मी म्हटलं, मी सांगते खरं काय ते. बाबा म्हणाले, "पोरीचं नाव कचेरीत नाही जायचं. बस." स्वतः मात्र तिथे उभं राहून एवढंच म्हणाले, "साहेब, मी गाडी घातली नाही." हे अगदी खरं होतं. चुडामण खोटं बोलत नाही हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. मग घातली कोणी, हे त्यांना कोणी विचारलं नाही. मुलगी गाडी हाकेल हे कोणाच्या डोक्यातच येईना.

पुढे नुसत्या तारखा. साक्षीदार आला तर साहेब दौऱ्यावर, साहेब बसले तर साक्षीदार कोणाच्या तरी बारशाला. दोन वर्षांत सतरा तारखा झाल्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. बाबांना तर कुठली पायरी कुठे खचली आहे तेही पाठ झालं होतं. आणि मी गप्प. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

अठरावी तारीख नेमकी माझ्या लग्नाच्या दिवशी आली. नवे मॅजिस्ट्रेट कुठल्याशा विलीन झालेल्या संस्थानातून बदलून आलेले. जुनी प्रकरणं संपवायचा त्यांनी विडाच उचलला होता. तारीख वाढवून मिळेना, गैरहजर राहिलं तर वॉरंट. मुहूर्त दहा चाळीसचा. आमचे अनंतराव वकील म्हणाले, "उन्हाळ्याची सकाळची कचेरी आहे. नाकारलंत तर चार साक्षी होतील, दुपार होईल. कबूल म्हणा, किरकोळ दंड होईल, दहा मिनिटांत मोकळे."

बाबा सात वाजता गेले. लग्न बुऱ्हाणपुरातच, सिंधीपुऱ्यात मामाकडे होतं. साडेनऊ झाले तरी त्यांचा पत्ता नाही. तेवढ्यात वकीलच धापा टाकत आले आणि आईला म्हणाले, "मथुराबाई, ते कबूल म्हणाले, पण साहेब विचारतात, कसं केलंस ते सांग. तर हे गप्प! साहेब म्हणतात, अशी कबुली मी लिहून घेणार नाही, साक्षी घेतो. तुम्ही तरी चला, समजवा त्यांना."

काय झालं असेल ते मला लख्ख दिसलं. बाबा आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायला उभे होते आणि जीभ वळत नव्हती. मी पाटावरून उठले.

"निर्मले!" आई ओरडली. "हळदीच्या अंगाने कोणी बाहेर पडते का व!"

मी बाहेर पडले. शनवारा चौकात समोरूनच माझ्या सासरची, खकनार गावची वरात आली. पुढे बँड, मागे वसंत मास्तर, म्हणजे माझा नवरदेव, घोड्यावर जीव मुठीत धरून बसलेला. त्याची आई सोजरबाई पुढेच चालत होत्या. म्हणाल्या, "सूनबाई, मांडव तिकडं राहिला!"

"कचेरीत जाऊन येते, आत्याबाई," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? वरात वळली आणि माझ्या मागे निघाली.

आत बाबा घामाने थबथबले होते. साहेब विचारत होते, "कुंपण कशाने तोडलं?" बाबांचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"कोयत्याने, साहेब," मी दारातूनच म्हणाले. "गुन्हा कबूल. गाडी मी घातली. डावा बैल पुढे सरेना, त्याची शेपटी पिरगाळली. परीक्षेला उशीर झाला होता. बाबा तापाने पडले होते."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "दोन वर्षांत हे कोणीच सांगितलं नाही?"

"कोणी विचारलंच नाही."

सोजरबाईंकडे बघायची माझी छाती होईना. लग्न मोडलं, असंच मी धरून चालले. तोच मोतीलालकाका उठले. चेहरा लालबुंद. "अरे चुडामण, पोर परीक्षेले चालली होती, हे मले सांगाले काय झालं होतं? मीच कुंपण काढून दिलं असतं! साहेब, माझी काही फिर्याद नाही."

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सतरा तारखांचं काम चार मिनिटांत आटोपलं होतं.

सोजरबाई जवळ आल्या. "गाडी अजून हाकता येते काय व?"

"येते."

"मंग बरं झालं. आमच्या वसंताले बैल पाहूनच घाम फुटते."

वसंत मास्तर सगळ्यांसमोर मोठ्याने हसले. मला ते त्या क्षणी आवडले. बाहेर बँडवाल्यांनी कोणाला न विचारता वाजवायला सुरुवात केली.

पायऱ्या उतरताना बाबा म्हणाले, "आज तुह्यासाठी एक खोटं बोलाले निघालो होतो, माय. तेबी जमलं नाही." मी हळदीचे हात त्यांच्या पांढऱ्या अंगरख्याला पुसले आणि रडले. मुहूर्त तेवढा गाठला.

सासरी जाण्याआधी मळ्यातल्या म्हसोबाच्या पाया पडायची आमची रीत. संध्याकाळी पाया पडून आमची गाडी वळशाच्या रस्त्याला लागणार, तर मोतीलालकाका कोयता घेऊन बांधावर उभे. त्यांनी स्वतःच्या हाताने कुंपण काढलं होतं आणि गाडीपुरत्या केळी तोडून सडकेपर्यंत सरळ वाट केली होती.

"सासरी जातानी वळसा कायले?" ते म्हणाले.

मास्तर बाजूला सरकले आणि कासरा मी हातात घेतला.