हलत्या चित्रांचे आठ रविवार

पुसदच्या एका कापसाच्या जिनिंगचं मागचं गोदाम हंगाम सरला की रिकामंच असायचं. एकसष्ट सालच्या मार्चात तिथं दर रविवारी सकाळी हलत्या चित्रांचा खेळ सुरू झाला. खेळ करणारे वामनराव हे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. हौस एवढी दांडगी, की पेन्शन बसल्याबरोबर त्यांनी नागपूरहून जुना प्रोजेक्टर आणला, मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून कार्टूनच्या जुन्या फिल्मा मागवल्या आणि ‘हलत्या चित्रांची कुळकथा’ अशी पाटी स्वतः रंगवून बाजारात टांगली. आठ रविवार, आठ फिल्मा, सगळ्यांत जुनी पहिल्यांदा. आधी मास्तर अर्धा तास त्या फिल्मची हकीकत सांगणार, मग खिडक्यांवर गोणपाटं सोडून खेळ.

ज्यांना नुसता खेळ पाहायचा असे ते अर्धा तास टाळूनच येत. हजराबी मात्र मास्तर खुर्च्या मांडत असतानाच येऊन बसायची. तिचा नवरा निजामुद्दीन कापूस पिंजायचा आणि ती रजया शिवायची. चाळिशी उलटलेली बाई पोराटोरांचा खेळ बघायला काम टाकून जाते, म्हणून मोहल्ल्यात हसू व्हायचं. ती कुणाला काही सांगत नसे.

ती जायची जहीरसाठी. जहीर तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. हजराबीनंच त्याला वाढवला. कोळशानं लोकांच्या भिंती काळ्या करणारा हा पोरगा बावन्न साली मुंबईला गेला आणि कार्टून काढणाऱ्या एका कारखान्यात रंग भरायला लागला. पत्रं यायची. एका फिल्ममध्ये बगळा चालतो, त्याचे पंख मी रंगवतो, असं एकदा लिहिलं होतं. सत्तावन्न साली पत्रं थांबली. हिनं धाडलेली परत आली.

पहिल्या रविवारी घोड्याची फिल्म होती. मास्तरांनी सांगितलं, की सुरुवातीला एकच माणूस सगळं कागदावर काढायचा. घोड्यानं एक पाय उचलला, तरी मागचं झाड, डोंगर, ढग पुन्हा नव्यानं काढावं लागे. चौथ्या रविवारी त्यांनी सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांची गोष्ट सांगितली. पुढच्या बाजूनं एकजण शाईनं रेषा काढतो, आणि रंग भरणारे मागच्या बाजूनं रंग लावतात, म्हणजे रेष झाकली जात नाही. रंगवणाऱ्याला सगळं चित्र उलटंच दिसतं, मास्तर म्हणाले. भावानं पाच वर्षं काय केलं ते हजराबीला त्या दिवशी कळलं. नंतरची फिल्म तिच्या डोळ्यांपुढून नुसती निघून गेली.

सहाव्या रविवारी फिल्म संपली, पडद्यावर पाच-सहा नावं आली, लोक उठले. ती बसून राहिली.

“मास्तर, रंग भरनाऱ्यायची नावं काहून नाई लिहित?” तिनं विचारलं.

“लय जण असतात अन् पडद्यावर जागा थोडी, असं सांगतात बाई,” वामनराव म्हणाले. “मले तर पटत नाई ते.”

मग तिनं पहिल्यांदाच परक्या माणसाजवळ जहीरची सगळी गोष्ट काढली. मास्तरांनी त्याच संध्याकाळी मुंबईच्या आपल्या माणसाला पत्र टाकलं. आठव्या रविवारच्या आधी उत्तर आलं. कारखाना सत्तावन्न साली बंद पडला होता. जहीरनं वळकटी बांधली, घरी जातो म्हणाला आणि निघाला.

तोवर मुंबईनं भाऊ गिळला असं ती धरून चालली होती. मुंबई लांब होती, तिला दोष देता येत होता. आता तो वाटेत कुठंतरी होता. यवतमाळकडून मोटार आली की तिचा शिवता हात थांबायचा.

शेवटच्या रविवारी मास्तरांनी कुळकथेत जहीरचं नाव घेतलं, त्याचं काम सांगितलं, कुणी त्याला पाहिलं का म्हणून विचारलं. कुणी उठलं नाही. पुढं त्यांनी आपला खेळ राजूरला, कोळशाच्या खाणीवर नेला आणि तिथंही दर रविवारी तेच विचारत राहिले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचं कार्ड आलं: एक बाई उठली आहे, लगेच या.

हजराबी आणि निजामुद्दीन दुसऱ्या दिवशी निघाले. ती बाई धनीबाई, बंजारा तांड्यावरची. खाणकामगारांची खानावळ चालवायची. तिनं दोघांना आधी जेवू घातलं आणि मग सांगितलं. सत्तावन्नच्या पावसाळ्यात जहीर तिथं आला होता. कोळसा वाहणाऱ्या डब्यांवर आकडे रंगवायचा, तिच्याकडे जेवायचा, तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई.

“मी म्हनलं, पुसदले बहीन हाय तर जाय ना,” धनीबाई म्हणाली. “तर म्हने, याडी, आपानं साऱ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं का माहा भाऊ सिनेमात नाव काढून राह्यला. आता कोन्तं तोंड घिऊन जाऊ?”

आपा म्हणजे थोरली बहीण; हजराबीनं मान खाली घातली. ती खरंच दारोदार सांगत फिरली होती. पत्र आलं की निजामुद्दीनकडून दोनदा वाचून घ्यायची आणि शेजारणींना गाठायची. आनंदच एवढा व्हायचा, तो तिला एकटीला आवरत नसे.

जहीर अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात एका ट्रकवर बसून चांद्याकडे गेला. पुढचं धनीबाईला ठाऊक नव्हतं. हजराबी डब्यांवरचे आकडे पाहून आली. जहीर गेल्यावर ते तीनदा नव्यानं रंगवले होते. निजामुद्दीन रागावला, की एवढ्या जवळ येऊन माणूस बहिणीला भेटत नाही म्हणजे काय. तिनं त्याला गप्प केलं.

मास्तरांचा पुढचा मुक्काम केळापूरला होता.

“तिथं तुमी नोका सांगू, मास्तर,” ती म्हणाली. “मी येतो. मीच सांगतो.”

केळापूरच्या शाळेत पहिल्या रविवारी ती पडद्यापुढं उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर बोलायची ही तिची पहिलीच वेळ. पदर दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, “माहा भाऊ जहीर. चित्रायले रंग भरे. कोनाले भेटला तर सांगा, आपानं मोहल्ल्यात सांगनं सोडलं. नाव नोको, काई नोको. तू नुस्ता ये.”

मास्तरांनी गोणपाटं सोडायला सांगितली. ती पहिल्या रांगेत बसून घोड्याची फिल्म पाहू लागली.

त्या वर्षी ती मास्तरांच्या मागं आणखी दोन गावं फिरली. जहीर आला नाही. पुढच्या हंगामात मास्तरांनी चांद्याला जायचं ठरवलं, तेव्हा दर रविवारी तिथं उभं राहता यावं म्हणून तिनं रविवारचं रजयांचं काम घेणंच बंद केलं.