ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा

शरदाचे सुवर्णपिवळे, संथ ऊन दुएरो नदीच्या काठावर उतरले होते. पिवळे वृक्ष, पिवळी धूळ, पिवळे पाणी. आणि द्राक्षे उतरवून रिकाम्या झालेल्या मळ्यांतून तांबूस पानांचा मंद, मधुर, मद्यगंधी दरवळ. स्पेनच्या त्या विस्तीर्ण, वृक्षविरळ पठारावर दुपार स्वस्थ बसून होती. तिला कुठेही जायचे नव्हते.

फाउस्तिनोला मात्र जायचे होते, आणि त्याचा पाय निघत नव्हता. बसथांब्यापासून अनसेल्मोचे घर पाच मिनिटांवर होते. त्याने पाऊण तास लावला. चौकातल्या बाकावर बसला, कॉफी घेतली, उगाचच दुसरी घेतली, बुटांवरची नसलेली धूळ झटकली.

शहात्तर वर्षांचा, पर्वतप्राय देहाचा हा नट. नायक तो कधीच नव्हता. नायकाला दार उघडणारा, नायिकेला दटावणारा, पहिल्या भागात येऊन दुसऱ्या भागात मरणारा. कधी खाणावळवाला, कधी फौजदार, कधी पाद्री, कधी घाम पुसणारा वधूपिता. नव्वद चित्रपट केले त्याने. नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते, पण चेहरा देशभर घरचा झाला होता.

आणि आवाज? एवढा देह घडवून झाल्यावर आवाज देताना देवाने हात आखडता घेतला होता. बारीक, चिरका, काटकुळा आवाज. विशीत तो फिरत्या नाटकमंडळीबरोबर गावोगाव हिंडला, दिवसाला दोन खेळ, धुळीच्या वाटा आणि डुगडुगते रंगमंच. तोंड उघडले की प्रेक्षक खो खो हसत, म्हणून वाट्याला विनोदी नोकर येत. पन्नाशीत कुणीतरी धीर करून त्याला एका विधुर बापाची भूमिका दिली. पहिल्या अंकात लोक सवयीने हसले. तिसऱ्या अंकात त्याच चिरक्या आवाजाने त्यांना रडवले. रंगभूमीने त्याला आहे तसा घेतला, म्हणून तो रंगभूमीचा जन्माचा ऋणी होता.

सिनेमाने तसे घेतले नाही. तिथे त्या काळी चित्रण आधी होई, आवाज मागाहून भरत. फाउस्तिनोचे ओठ हलत आणि त्यांतून आवाज निघे अनसेल्मोचा, घनगंभीर, काशाच्या घंटेसारखा. एक ना दोन, तीस वर्षे. रस्त्यात लोक थांबवून म्हणत, तो संवाद म्हणा ना. फाउस्तिनो तोंड उघडी आणि समोरचे चेहरे पडत. पुढे पुढे तो नुसती टोपी उचलून हसू लागला.

आतल्या आत तो धुमसत राहिला. वीस वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राला त्याने सांगून टाकले, ‘माझ्या गळ्यात एक चोर राहतो.’ देश हसला. पुढच्या चित्रपटात अनसेल्मोने तितक्याच मायेने आवाज भरला, आणि फाउस्तिनोला ते अधिकच लागले.

आता येत्या रविवारी शहरातल्या जुन्या नाट्यगृहात त्याचा सत्कार होता. तिथे दाखवायचे जुने तुकडे आयोजकांनी त्याला घरी पाठवले. त्याने हट्टाने आवाज बंद करून ते पाहिले. एक लठ्ठ माणूस तोंडाची उघडझाप करत होता. मग आवाज लावला, आणि तो माणूस जिवंत झाला. फाउस्तिनो रडला. सत्काराआधी अनसेल्मोची क्षमा मागायची, त्याचे आभार मानायचे, एवढे ठरवून त्याने येत असल्याचे कळवले आणि बस पकडली. शब्द कोणते, हे काही ठरले नव्हते.

दार अनसेल्मोच्या मुलीने, कासिल्दाने उघडले. “या. बस आल्यापासून बाबा ताठ बसलेत,” ती म्हणाली, आणि आवाज खाली आणून, “दोन वर्षं झाली, त्यांना दिसत नाही.”

खिडकीपाशी, उन्हाच्या चौकोनात, एक चिमुकला, चिमणदेही म्हातारा बसला होता. एवढ्याशा देहात तो आवाज मावत कसा असेल, कोण जाणे.

“चोराच्या घरी आलात,” आवाज म्हणाला. “बसा.”

फाउस्तिनो बसला. मान खाली.

“अहो, चुकीचं थोडंच बोललात तुम्ही? तुमचा खरा आवाज सिनेमावाल्यांत मनापासून ऐकला तो मी एकट्यानं. चित्रणाच्या वेळचा कच्चा आवाज कानाशी लावून बसायचो. तुम्ही कुठं अडखळता, खोटं बोलण्याआधी दम कसा घेता, सगळं तुमचंच उचललं. माझा नुसता रंग.”

दुसऱ्यांनी लिहिलेली हजारो वाक्ये ज्याने रंगमंचावर लीलया म्हटली, त्या फाउस्तिनोला स्वतःचे एक वाक्य फुटेना.

अनसेल्मोने हात पुढे केला. “पाहू. डोळे गेले, पण ओठ ओळखीचे असतील अजून.” शुष्क, शीतल बोटे फाउस्तिनोच्या ओठांवर टेकली.

फाउस्तिनोने निःशब्द ओठ हलवले. जुन्या खाणावळवाल्याचे एक वाक्य.

“खोल्या भरल्यात, साहेब. तबेल्यात जागा आहे,” काशाची घंटा बोलली. एका अक्षराची चूक नाही. कॉफी घेऊन आलेली कासिल्दा दारातच हसली.

फाउस्तिनोही हसला. मग त्याने डोळे मिटले, आणि त्याचे ओठ पुन्हा हलले. सावकाश. कुणीही न लिहिलेले वाक्य.

बोटे थबकली. तीस वर्षांत त्या ओठांच्या मागे कधीही न पडलेला आवाज या वेळी मागे पडला. एक श्वास, दोन श्वास. मग आला. घनगंभीर, कांस्यमधुर, कडेला किंचित चिरलेला.

“माफ कर मला, अनसेल्मो. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.”

ओठ थांबले. आवाज थांबला. बोटे मात्र तिथेच राहिली.