एकनंतर दहा

काही चांगलं ऐकलं की ते दुसऱ्याच्या कानावर घातल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. हा दुर्गुण आहे हे मला आता कळलं, पण पंचेचाळिशी उलटल्यावर कळून काय उपयोग.

फुलचूरला माझं शिवणकाम आहे. हात मशीनवर, डोळे टाक्यावर, कान मात्र मोकळे. म्हणून निवृत्त शिक्षक चुन्नीलाल गुरुजींनी मोबाइलवर 'कानसेन मंडळी' काढली तेव्हा मी पहिल्या दिवशीच घुसले. पंधरा-वीस जण आहोत. पुस्तकं ऐकायची आणि 'हे ऐकाच' म्हणून एकमेकांच्या मागे लागायचं, एवढाच उद्योग.

दुर्पता माझी तिरोड्याच्या शाळेतली मैत्रीण, आता बोदलकशाला असते. तिचा नवरा फागू पौषात जंगलात लाकडाच्या कामावर गेला आणि तिथेच छातीत कळ येऊन संपला. मी भेटून आले. तेव्हापासून तिला एकामागून एक पुस्तकं पाठवत होते, हसरी, हलकीफुलकी. तिनं एकही ऐकलं नाही.

मग मला ती कादंबरी मिळाली. कालव्याच्या फाटकावर काम करणाऱ्या माणसाची, बारा भागांची. पहिल्या भागात त्याचं लग्न होतं, लगेच पुढच्यात तो मरतो, बायको एकटी पडते. आणि मग लेखक त्याला पुन्हा उभा करतो! संसार, भांडणं, मुलीचं बारसं, आणि शेवटी दोघं सायकलवरून जत्रेला निघतात. मी मशीन थांबवून रडले. दुर्पताला सांगितलं, माणूस आधी जातो आणि मग सगळाच्या सगळा परत येतो, तू ऐकच. ती पहिल्यांदाच हो म्हणाली.

काल सकाळी गुरुजींनी मंडळीत लिहिलं की या कादंबरीचे शेवटचे तीन भाग ऐकवत नाहीत, माणूस गेल्यावरचं ते घर नको वाटतं. मी तावातावानं कळवलं की गुरुजी, तुम्ही पुस्तक नीट ऐकलेलं दिसत नाही. लोक हसले. मला हसले हे कळायलाही वेळ लागला. माझी मुलगी नीतू हिनं माझा पेनड्राइव्हचा स्पीकर हातात घेतला, दोन-चार बटणं दाबली आणि म्हणाली की आई, हा डबा एकनंतर दहा वाजवतो, मग अकरा, बारा, आणि मग दोन; शेवटचे तीन भाग तू आधीच ऐकलेस.

दुर्पता मोबाइलवर ऐकत होती, आणि मोबाइलला मोजता येतं. सकाळीच तिचा निरोप आला होता, सात भाग झाले, 'रीनाच्या बापासारखाच बोलते हा.' रीना तिची मुलगी. म्हणजे मीच तिला तिचा माणूस परत दिला होता आणि मीच त्याला पुन्हा मारणार होते.

फोन लागेना. बोदलकशाच्या तलावाकडे रेंज कधी येते, कधी जाते. मी स्कूटी काढली. अर्ध्या तासाचा एक भाग. रस्ताभर मी भागच मोजत होते. तिरोड्यात शिरले तेव्हा नववा चालू असेल. पुढे एक ट्रॅक्टर बाजू देईना, त्याला मी आयुष्यात न दिलेल्या शिव्या दिल्या. बोदलकशाच्या वळणावर दहावा लागला असणार असं वाटलं आणि मी स्कूटी आणखी पिळली.

दुर्पता अंगणात वाळत घातलेली मोहफुलं खालीवर करत होती. मोबाइल बाजूला पडलेला, बंद. मी हेल्मेट न काढताच विचारलं की कुठपर्यंत ऐकलं.

"तो पाणी पेऊन उठला अन् येतो म्हणे," ती म्हणाली. "तवाच समजली मी. बंद केलं. मरते ना तो पुढं?"

खोटं बोलायला जीभ वळली नाही. मी हो म्हटलं.

"कोणी होतं त्याच्यापाशी?"

"नाही."

ती पुन्हा फुलं खालीवर करायला लागली. मी स्पीकरचं, आकड्यांचं सांगायला लागले, तिनं हातानं थांबवलं.

"त्या लिहिणाऱ्यानं लिहिलं तरी," ती म्हणाली. "रीनाच्या बापाजवळ कोण होतं, किती वेळ पडून होता, मले कोणी विचारलं नाही. तू बी नाही. तू पुस्तकं पाठवून राहिली."

माझ्या तोंडाशी सतरा कारणं आली. तिला त्रास नको म्हणून, जखम उकरायला नको म्हणून. सगळी खोटी होती. मला भीती वाटत होती, एवढंच खरं होतं, आणि मला माझी लाज वाटली. मी हेल्मेट काढलं आणि तिच्यासमोर खाली बसले.

"किती वेळ पडून होता?" मी विचारलं.

तिनं हातातली फुलं ठेवली.

"सकाळपासून," ती म्हणाली. "डब्बा उघडला बी नव्हता."